अस्सल, नक्कल आणि बनावट : जुन्या स्नायपर रायफलींची पारख



जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकांना तीन शब्द नित्य वापरावे लागतात : अस्सल, नक्कल आणि बनावट. मूळ लेखकाने पाठविलेले पत्र ते अस्सल. त्या पत्राची, प्रत म्हणूनच केलेली प्रत ती नक्कल. तिच्यात लबाडी नसते. अस्सल असल्याचा आव आणणारा कागद तो बनावट. कागदाच्या बाबतीत ही विभागणी बहुधा पुरेशी ठरते. दीर्घकाळ वापरात राहिलेल्या यंत्रांच्या बाबतीत मात्र ती अपुरी पडते. यंत्र झिजते, मोडते, दुरुस्त होते. त्याचे भाग बदलले जातात आणि तरीही ते आपले काम करीत राहते. अशा वस्तूंसाठी चौथा वर्ग मानावा लागतो : सेवेत असताना बदललेली वस्तू. ती जन्मली तशी राहिलेली नसते, परंतु तिच्यात खोटेपणाही नसतो. या चौथ्या वर्गाचे भान नसले, तर पारख करणारा भोळेपणाने बनावट वस्तू स्वीकारतो, किंवा अतिसंशयाने खरी वस्तू नाकारतो.

ही अडचण दुसऱ्या महायुद्धातील स्नायपर रायफलींच्या बाबतीत विशेष तीव्रतेने जाणवते. स्नायपर म्हणजे दबा धरून दूरच्या एकेका लक्ष्याचा वेध घेणारा निवडक नेमबाज. त्याची रायफल बहुतेक देशांनी स्वतंत्रपणे घडविली नाही. सामान्य शिपायाच्याच रायफलींतून अधिक अचूक ठरलेल्या रायफली निवडून त्यांवर दुर्बीण बसविली. त्यामुळे सामान्य रायफल आणि स्नायपर रायफल यांच्यांतील दृश्य फरक थोडा असतो : पोलादात पाडलेली काही भोके, दुर्बिणीची बैठक, स्वतः दुर्बीण आणि चार-दोन ठसे. सामान्य रायफली लक्षावधींच्या संख्येने तयार झाल्या. स्नायपर रायफली त्या मानाने फारच थोड्या. परिणामी संग्राहकांच्या बाजारात दोहोंच्या किमतींत मोठे अंतर पडले आणि ते अंतर एका भोक पाडण्याच्या यंत्राने ओलांडण्याचा मोह अनेकांना झाला.

उदाहरणादाखल ब्रिटिश 'नंबर ४ मार्क १ टी' ही रायफल घेणे सोयीचे होईल. भारतीय वाचकाला तिचे कुळ अपरिचित नाही. ०.३०३ इंच व्यासाचे काडतूस वापरणाऱ्या ली-एनफील्ड घराण्याची ही रायफल. 'थ्री-नॉट-थ्री' या नावाने ते घराणे भारतभर ओळखले जाते. त्यातील जुन्या नमुन्याच्या रायफली बंगालमधील ईशापूर येथील कारखान्यात तयार होत असत आणि अनेक राज्यांच्या पोलिसांच्या खांद्यावर त्या एकविसाव्या शतकातही दिसत असत. 'नंबर ४' हा याच घराण्यातील पुढचा नमुना. 'टी' हे अक्षर टेलिस्कोपचे, म्हणजेच दुर्बिणीचे.

या रायफलीच्या निर्मितीची रीत समजून घेतल्याखेरीज तिची पारख करता येत नाही. कारखान्यातील चाचणीत ज्या रायफली विशेष अचूक ठरत, त्या बाजूला काढल्या जात. २०० यार्डांवरून झाडलेल्या सातही गोळ्या पाच इंच व्यासाच्या वर्तुळात पडाव्यात, अशी अचूकतेची अट होती. सुरुवातीच्या काही रायफलींचे रूपांतर एनफील्ड येथील सरकारी कारखान्यात झाले. परंतु १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत हे काम मुख्यतः लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या, शिकारी बंदुकांसाठी नावाजलेल्या, जुन्या पेढीकडे होते. तिने वीस हजारांहून अधिक रायफलींचे रूपांतर केले. कॅनडातील लाँग ब्रँच येथील कारखान्यानेही थोड्या रायफली तयार केल्या.

हॉलंड अँड हॉलंडचे कारागीर रायफलीच्या धडाच्या, म्हणजे जेथे बोल्ट मागेपुढे सरकतो त्या पोलादी भागाच्या, डाव्या अंगाला पोलादाच्या दोन बैठका स्क्रूंनी पक्क्या करीत. त्यांवर दोन हातस्क्रूंनी आवळला जाणारा ब्रॅकेट बसे आणि ब्रॅकेटमध्ये 'नंबर ३२' ही तीनपट मोठे दाखविणारी दुर्बीण. ही दुर्बीण मुळात ब्रेन मशीनगनसाठी योजलेली होती, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. नेमबाजाचा डोळा दुर्बिणीच्या उंचीवर यावा म्हणून दस्त्यावर गाल टेकण्यासाठी लाकडाचा एक तुकडा स्क्रूंनी बसविला जाई. मागील नेमपट्टी आडवी पाडली असता जवळच्या माऱ्यासाठी जे भोक उपयोगी पडे, ते दुर्बिणीला अडथळा होऊ नये म्हणून घासून काढले जाई.

आता ठशांकडे वळता येईल. धडाच्या डाव्या अंगावर 'टी' हा ठसा असतो. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने निवडून दिलेल्या रायफलींवर दस्त्याजवळच्या पोलादी खोबणीवर 'टी आर' अशी अक्षरे आढळतात. दस्त्याच्या खालच्या बाजूस लाकडात 'एस ५१' असा ठसा असतो. युद्धकाळात कंत्राटदारांना नावांऐवजी जे संकेतांक दिले गेले, त्यांतील हा हॉलंड अँड हॉलंडचा. ब्रॅकेटवर रायफलीचा क्रमांक ठोकलेला असतो, आणि दस्त्याच्या वरच्या बाजूस, मनगटाजवळ, दुर्बिणीचा क्रमांक लाकडात उमटविलेला असतो.

हे क्रमांक कशासाठी होते? पुढील काळातील संग्राहकांना 'सर्व क्रमांक जुळतात' असे अभिमानाने सांगता यावे म्हणून ते नक्कीच नव्हते. प्रत्येक ब्रॅकेट आपापल्या रायफलीच्या बैठकांशी हाताने जुळवून घेतला जाई आणि दुर्बीण त्या ब्रॅकेटमध्ये, त्या रायफलीच्या नळीशी समांतर होईल अशी बसविली जाई. एका रायफलीची दुर्बीण दुसरीवर चढविली, तर नेम चुकण्याची शक्यता होती. दुर्बीण रायफलीवरून काढून स्वतंत्र पत्र्याच्या डब्यात ठेवली जात असल्याने छावणीत अदलाबदल होण्याचा धोका खरा होता. क्रमांक हे त्या धोक्यावरचे साधे उपाय होते. ठसा मूळ कोणत्या कामासाठी मारला गेला हे कळले, की तो कोठे असावा, कोणी मारलेला असावा आणि कोणत्या परिस्थितीत नाहीसा झालेला असू शकतो, हेही कळते.

परीक्षणाचा पहिला नियम यातूनच निघतो : कोणताही एक ठसा पुरावा नव्हे. 'टी' हे अक्षर कोणत्याही लोहाराला पोलादात उठविता येते. नेमपट्टीचे भोक कानशीने पाच मिनिटांत घासता येते. गाल टेकण्याचे लाकूड आजही नव्याने तयार होते. परंतु एकमेकांपासून स्वतंत्र असलेल्या अनेक खुणा एकाच कथेकडे निर्देश करू लागल्या, म्हणजे त्या कथेचे वजन वाढते. न्यायालयात एकाच घरातील पाच साक्षीदारांपेक्षा एकमेकांना न ओळखणारे दोन साक्षीदार अधिक मोलाचे असतात; तसेच हे आहे. बीएसए कारखान्याचा क्रमांक व निर्मितीचे वर्ष, 'टी आर' ची निवड, 'एस ५१' चे रूपांतर आणि दुर्बिणीवरील उत्पादकाचे नाव व वर्ष ही चार वेगवेगळ्या हातांची कामे होत. या चौघांत कालविसंगती नसेल, तर विश्वास ठेवण्यास जागा आहे. दुर्बिणीच्या तिसऱ्या नमुन्यावर १९४५ चे वर्ष आणि रायफलीवर १९४२ चे, असे दिसल्यास लगेच फसवणूक मानण्याचे कारण नाही. मात्र त्या जोडीचे स्पष्टीकरण मागितले पाहिजे.

दुसरा नियम असा की, ठसा काय सांगतो याबरोबर तो कसा उमटला आहे हे पाहावे. पोलादावर ठसा ठोकला असता धातू बाजूला सरकतो व अक्षराच्या कडा किंचित वर उचलल्या जातात. त्यानंतर घासकाम व काळा मुलामा झाला, तर त्या कडा सपाट होतात आणि मुलामा अक्षराच्या तळापर्यंत उतरतो. मुलाम्यानंतर ठोकलेल्या अक्षराच्या कडा हाताला लागतात व तळाशी उघडे पोलाद दिसते. अर्थात कित्येक खरे ठसेही मुलाम्यानंतर मारले गेले. परंतु त्यांवर वर्षानुवर्षांच्या हाताळणीची झीज आजूबाजूच्या धातूइतकीच पडलेली असते. झिजलेल्या पृष्ठभागावर तीक्ष्ण अक्षर, किंवा जुन्या ओरखड्याला मधोमध तोडून जाणारा अंक, ही शंकेची जागा होय. लाकडातही तेच दिसते. जुन्या अंकाच्या तळाशी तेल व धूळ मुरून काळिमा आलेला असतो. नव्या अंकाच्या तळाशी तुटलेले ताजे तंतू भिंगाखाली दिसतात.

तिसरा नियम अधिक नाजूक आहे : एखादी खूण नसणे हाही आपोआप दोषाचा पुरावा नव्हे. युद्धात दस्ते फुटत असत. दस्ता बदलला, की 'एस ५१' हा ठसा आणि दुर्बिणीचा क्रमांक दोन्ही जुन्या लाकडाबरोबर जात. दुर्बीण निकामी होऊन नवी मिळाली, तर शस्त्रकारागीर दस्त्यावरचा जुना क्रमांक आडव्या रेघेने खोडून त्याखाली नवा उमटवी. असा खोडलेला क्रमांक पाहून अननुभवी खरेदीदार नाराज होतो. जाणकार मात्र त्यात सैन्याच्या दुरुस्तीशाळेची सही वाचतो. सर्व काही निर्दोष, अखंड व जुळणारे असलेली रायफल मिळू शकते. परंतु चार-पाच वर्षे आघाडीवर राहिल्याचा दावा आणि एकही दुरुस्ती नाही, हे दोन्ही एकत्र सांगितले जात असेल तर त्याचा विचार करावा.

खूण नसणेच कधी खरेपणाचे लक्षण ठरते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेत आहे. १९४३ पासून रेमिंग्टन कंपनीने 'एम १९०३ ए ४' ही स्नायपर रायफल २८ हजारांहून थोड्या अधिक संख्येने तयार केली. या रायफलीवर 'ए ४' असा ठसा नाहीच. तिच्यावर सामान्य 'ए ३' रायफलीचेच नाव आहे. फक्त ते नाव व क्रमांक दुर्बिणीच्या बैठकीखाली झाकले जाऊ नयेत म्हणून दोन बाजूंना सरकवून कोरले गेले. सामान्य रायफलीवर तीच अक्षरे मध्यभागी वरच्या बाजूस असतात. सामान्य रायफलीला भोके पाडून बैठक बसविणाऱ्याला ही अक्षरे हलविता येत नाहीत. 'ए ४' असे ठळकपणे कोरलेली रायफल जर कोणी पुढे केली, तर कारखान्याने जे कधी लिहिले नाही तेच तिच्यावर लिहिलेले आहे असे समजावे.

रशियन रायफलींची कथा याहून गुंतागुंतीची आहे आणि चौथ्या वर्गाचे महत्त्व तीच सर्वांत स्पष्ट करते. सोव्हिएत सैन्याने १९४२ पासून मोसिन-नागांत रायफलीवर 'पीयू' ही साडेतीनपटीची लहान दुर्बीण बसविली. इझेव्स्क व तुला येथील कारखान्यांत या रायफली झाल्या. दुर्बीण वर आल्याने बोल्टची सरळ मूठ अडू लागली, म्हणून ती लांब व खाली वाकविलेली करण्यात आली. युद्ध संपल्यावर अनेक रायफलींवरील दुर्बिणी उतरविण्यात आल्या, बैठकीची भोके पोलादी डाट्यांनी बुजवून घासण्यात आली, सरळ मुठीचे बोल्ट बसविण्यात आले आणि त्या पुन्हा सामान्य शिपायाच्या रायफली झाल्या. इतर रायफली सरकारी दुरुस्तीशाळांतून गेल्या; तेथे त्या सुट्या केल्या गेल्या, मिळतील त्या भागांतून पुन्हा जोडल्या गेल्या आणि जुने क्रमांक खोडून नव्या भागांवर रायफलीचा क्रमांक घातला गेला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यानंतर या दोन्ही प्रकारच्या रायफली मोठ्या प्रमाणावर पाश्चात्त्य बाजारात आल्या.

येथे तीन अवस्था वेगळ्या ओळखाव्या लागतात. दुरुस्तीशाळेत पुन्हा जोडलेली, परंतु स्नायपर रायफल म्हणूनच राहिलेली रायफल ही सेवेत बदललेली होय. तिचे खोडलेले क्रमांक हाच तिचा इतिहास. भोके बुजविलेली रायफल ही 'माजी स्नायपर' होय. तिचाही इतिहास खरा आहे. तिसरी अवस्था व्यापाऱ्याने निर्माण केली. त्याने बुजविलेली भोके पुन्हा उघडली, नवी बैठक व दुर्बीण चढविली आणि रायफल १९४३ सालच्या रूपात उभी केली. विकताना त्याने हे सांगितले, तर ती पुनर्रचना. न सांगितले, तर ती बनावट. रायफल तीच असते. तिला बनावट ठरवितो तो तिच्याबरोबर बोलला गेलेला किंवा न बोलला गेलेला शब्द.

परंतु सांगून केलेल्या पुनर्रचनेतही एक हानी आहे आणि तिचा विचार फारसा केला जात नाही. बुजविलेले भोक हा पुरावा होता : या रायफलीने युद्धात एक काम केले आणि शांततेत राज्याने तिला दुसरे काम दिले, याचा. डाटा काढताच तो पुरावा कायमचा नष्ट होतो. ब्रिटिश रायफलींच्या बाबतीत हीच हानी अधिक ठळकपणे दिसते. १९७० पासून एनफील्ड येथे सुमारे एक हजार जुन्या 'नंबर ४ टी' रायफलींना ७.६२ मिलिमीटर काडतुसाची नवी जाड नळी बसवून 'एल ४२ ए १' या नावाने पुन्हा सेवेत घेण्यात आले. लाकूड आखूड केले गेले, दुर्बिणी नव्या काडतुसाप्रमाणे बदलल्या गेल्या. १९४४ साली घडलेले पोलाद १९८२ च्या फॉकलंड युद्धात पुन्हा वापरात होते. अशी रायफल १९४४ ची 'अस्सल' आहे काय? नाही. ती १९७० च्या दशकाची अस्सल आहे काय? निःसंशय. तिला जुनी नळी व लांब लाकूड बसवून १९४४ च्या रूपात परत नेणारा मनुष्य आपण मूळ रूप परत आणीत आहोत असे समजतो. वस्तुतः तो तिच्या आयुष्यातील दुसरे युद्ध पुसून टाकीत असतो.

तेव्हा 'ही रायफल मूळ स्वरूपात आहे काय?' हा प्रश्न अपुरा आहे. 'ही कोणत्या वर्षीच्या स्वरूपात आहे, त्यानंतर तिच्यात काय बदलले, आणि ते कोणी बदलले?' असा तो विचारला पाहिजे. उत्तराचे तीन भाग असावेत : जे सिद्ध आहे, जे संभाव्य आहे, आणि जे केवळ सांगितले जाते. विक्रेत्याची कथा, 'हे शस्त्र अमुक लढाईत होते' हे वाक्य, सैनिकाच्या घरून आल्याची आठवण या गोष्टी टाकून देण्याजोग्या नसतात. परंतु समकालीन कागद, छायाचित्र किंवा नोंदवहीचा आधार मिळेपर्यंत त्यांची जागा तिसऱ्या भागातच असते. खऱ्या रायफलीला खोटी कथा चिकटविणे ही बनावटीचीच एक रीत आहे.

हे सर्व परिश्रम कशासाठी, असा प्रश्न एखाद्या श्रोत्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शस्त्र हे शेवटी मनुष्याचा जीव घेण्याचे साधन. स्नायपरचे शस्त्र तर दुर्बिणीतून चेहरा दिसत असताना जीव घेण्याचे. तथापि नेमक्या याच कारणासाठी त्याविषयी खोटे बोलण्याची मुभा कोणालाही नसावी. भारतात ०.३०३ हे निषिद्ध बोअर असल्याने अशा रायफलींचे स्थान खाजगी घरांपेक्षा संग्रहालयांत अधिक आहे. संग्रहालयाच्या काचेमागे ठेवलेली वस्तू शाळकरी मुले पाहतात आणि युद्ध काय होते याची पहिली कल्पना तीवरून बांधतात. त्या काचेमागे उद्याच्या व्यापाऱ्याने कालच तयार केलेले शस्त्र असेल, तर चूक एका खरेदीपुरती राहत नाही. ती पुस्तकांत, चित्रांत आणि पुढील तज्ज्ञाच्या तुलनेतही शिरते. बनावट वस्तू खरी मानली गेली, की पुढे खऱ्या वस्तूंची पारख तिच्याच मापाने होऊ लागते.

म्हणून परीक्षकाने करावयाची कामे साधी आहेत, पण क्रमाने करावयाची आहेत. प्रथम रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करावी. मग काहीही न खोलता, न पुसता, सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. चकचकीत करण्याच्या उत्साहात पुष्कळ पुरावा पुसला जातो. त्यानंतर प्रत्येक ठसा तिरप्या प्रकाशात व भिंगाखाली पाहून, जसा दिसतो तसा, अर्थ न लावता उतरवून घ्यावा. धातू, लाकूड, ब्रॅकेट व दुर्बीण यांची नोंद वेगवेगळी करावी आणि मगच त्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्यात. दुरुस्ती आवश्यक असेल, तर ती परत काढता येईल अशी करावी व तिची लेखी नोंद ठेवावी.

आणि शेवटी काचेवर चिठ्ठी लावावी. 'दुसऱ्या महायुद्धातील अस्सल स्नायपर रायफल' एवढे लिहून भागत नाही. एखाद्या खऱ्या रायफलीच्या चिठ्ठीवर असा मजकूर असू शकेल : 'नंबर ४ मार्क १ टी. धड १९४४, बीएसए. रूपांतर हॉलंड अँड हॉलंड. ब्रॅकेट याच रायफलीचा. दुर्बीण १९४५ ची, सेवेत असताना बदललेली. दस्त्यावर जुना क्रमांक खोडलेला दिसतो. गालाचे लाकूड संग्रहालयाने नवे बसविले आहे.' या मजकुरात बढाई नाही आणि लपवाछपवीही नाही. तो वाचून पाहणाऱ्याला रायफलीचे वय, तिच्या जखमा आणि संग्रहालयाचा स्वतःचा हात, तिन्ही कळतात.